नमुना सात

दिल्लीहून कायदा आला तेव्हा
लोटन मालचे पाटात उभा होता,
गुडघाभर पाण्यात, खांद्यावर पावडं,
गव्हाच्या फडाला शेवटचं बारं देत.

तसा तो थेट नाही आला.
दिल्लीहून मुंबईला, मुंबईहून धुळ्याला,
धुळ्याहून साक्रीला, आणि साक्रीहून
ग्रामसेवकाच्या मोटरसायकलच्या डिक्कीत,
भाकरीच्या डब्याशेजारी,
एका कोपऱ्याला लोणच्याचं तेल लागून.

देशातल्या सगळ्या पाण्याला एकच नमुना.
रकाना पहिला: पाणीवापर संस्थेचे नाव.
रकाना दुसरा: अध्यक्षाचा आधार क्रमांक.
रकाना नववा: मीटर बसवले आहे काय? होय / नाही.
बारेकऱ्याला रकाना नव्हता.
जागल्याला नव्हता.
यंदा ऊस कोणत्या फडात, पडीक कोणता,
हे ज्या चिंचेखाली ठरतं
तिला कुठून असणार.

महिनाअखेर भरा, ग्रामसेवक म्हणाला,
नाहीतर बंधारा महामंडळाकडे जाईल.

वेडू आप्पा, आमचे हवालदार,
कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला.
"भाऊ, हाई लिखनारनी
पांझरा देखेल शे का?"

चिंच हसली. मी नाही हसले.
माझ्या मांडीवर ठरावाची वही होती
आणि मी तिच्या तळात पोचले होते,
आजोबांच्या पिढीतल्या एका दुष्काळात:
"पाणी एका फडापुरते. वरच्यांनी हट्ट सोडला.
चारी फडांचे लोक एकाच फडात
तुकडे पाडून पेरतील."
खाली सव्वीस अंगठे.
पुढच्या पानावर, ज्यानं रात्री चोरून बारं फोडलं
त्याला दंड: पाटाचा गाळ, पन्नास हात.
आणि त्याखाली, वेगळ्या शाईत: काढला.
पोलीस नाही, कोर्ट नाही.
काढला.

पण त्या सव्वीसात एकही अंगठा बाईचा नव्हता.
टोपल्या कुणी वाहिल्या असतील, मला ठाऊक आहे,
आईच्या मानेवर त्याचा घट्टा होता.
आणि लोटनच्या आजोबाच्या नावापुढे:
"जागल्यास पेंढ्या बारा, बांधाबाहेरून द्याव्या."
बांधाबाहेरून.
मी बोटाला थुंकी लावून घासून पाहिलं.
शाई जुनी. नाही निघाली.

मग उभी राहून तेच मोठ्यानं वाचलं.
कुणीतरी खोकलं.
वेडू आप्पा म्हणाले, "खरं शे,"
आणि पुढे बराच वेळ काहीच म्हणाले नाहीत.

ग्रामसेवकाला तेवढंच हवं होतं.
बघा ताई, तो म्हणाला,
म्हणून तर वरून कायदा लागतो.

नाही भाऊ.
आमची चूक आमच्या अक्षरात आहे
म्हणून मला सापडली.
तुमच्या नमुन्यात ती मावतही नाही.
जी मावतच नाही, तिला
महामंडळ कुठल्या टेबलावर दुरुस्त करणार?

ठराव लिहायला घेतला.
पाणी आम्ही मोजू.
हिशेब दिल्लीनं मागावा, जरूर मागावा,
वही बघायला मात्र इथे यावं,
सावली आहे, माठ आहे.
गाळ काढणाऱ्या प्रत्येक हाताला मत.
लोटन मालचे पंचांत.

यावर दोन तास भांडण.
शेजारच्या शेळ्या उठून गेल्या.
सुकलालही गेला, तावातावानं, अनवाणी,
मग चपलांसाठी परत आला
आणि आला तो बसला.
अनुमोदक म्हणून त्याचंच नाव आहे.

लोटनला बोलावणं धाडलं.
चिखलाचे पाय त्यानं गवतावर पुसले,
चटईच्या कडेला थांबला,
वेडू आप्पा सरकले, तेव्हा मधे आला.
सही केली. सावकाश, पूर्ण नाव, बापाच्या नावासकट.
कोपरावरचं पाणी नमुना सातवर ठिबकलं,
बरोबर होय आणि नाहीच्या मधे.

आता काय बोलशील, पंच? कुणीतरी विचारलं.

लवकर आटपा, तो म्हणाला,
तिकडे बारं उघडं आहे.