काकूला विचार

अण्णा कुराडे पोरवयात वळिवड्याच्या छावणीत दूध घालायचे.
सायकलीला दोन किटल्या,
हिशेब खडूनं, बराकीच्या दारावर.
पोलंडची माणसं सगळी. तट्ट्याच्या भिंती,
तरी त्यांनी शाळा काढली, नाटक बसवलं,
आणि तक्रारींसाठी पंच नेमले, मतं टाकून.

यानिनाचं मराठी आधी तेवढंच:
अर्धा शेर. पाणी नको. उद्या.
मग वाढलं.
एकदा म्हणाली, रात्री दोनला दार वाजलं,
अर्ध्या तासात गाव सुटलं,
गुरांच्या डब्यातून थेट बर्फात.
शिपायांच्या टोपीवर तारा. लाल.

अण्णांना लाल म्हणजे
गिरणीच्या फाटकावरची सभा.
"दुसरं कुणीतरी असतील," म्हणाले,
आणि किटली उचलली.

छावणी मोडताना टेबलं मांडली, फॉर्म वाटले:
परत जाणार का?
त्याच आठवड्यात तिच्या भावाचं पत्र.
इथं सगळं उत्तम. सरकार आपलं आहे.
खोटं वाटलं तर काकूला विचार.
यानिना हसली. हसता हसता खाली बसली.
काकूला तिनंच पुरलं होतं,
पहारीनं बर्फ फोडून.
रकान्यात 'नाही' लिहून ती आगगाडीत चढली;
कुठल्या देशात उतरली, कोण जाणे.
बराकींत मग सिंधहून आलेली माणसं राहिली.
दारावर अडीच रुपयांची बाकी तशीच.

पुढं बेचाळीस वर्षं. उद्यमनगर, फौंड्री, युनियन.
ऑफिसात मॉस्कोचं कॅलेंडर, ट्रॅक्टरवर हसणारी बाई.
सेक्रेटरी शामराव मुळीक, दर खेपेला बिनविरोध.
एकोणनव्वदच्या जूनमध्ये टीव्हीवर पोलंड दिसलं:
रांग, पेटी, घडी घातलेला कागद.
अण्णांनी खुर्ची पुढं ओढली.
"म्हातारी झाली असंल," एवढंच बोलले.
कोण, ते आम्ही विचारलं नाही.

वार्षिक सभेत मुळीक उभे राहिले.
सगळं उत्तम चाललंय. कुणाला शंका?
अण्णा गुडघा धरून उठले.
"काकूला इचारा."
हशा झाला. कुठली काकू? चहा आणा रे यांना.

ही गोष्ट त्यांनी मला नंतर सांगितली, जिन्यात.
सभेत हात वर झाले, मी मोजले.
एक कमी होता.
कार्यवृत्तात 'एकमताने' लिहिलंय.
अक्षर माझंच आहे.