डोळा भरताना

वास्कोच्या शेतात मे महिन्यात
सावली म्हणून जी काही असते ती आपलीच,
आणि दुपारी तीही अंग चोरून पायाखाली बसते.

एलेउतेरियो पुढे, मी मागे.
खुंटाच्या बुडाशी तो बोटांनी माती सारतो,
सालीला आडवी चीर, उभी चीर,
आत डोळा सरकवतो
आणि वाकलेलाच पुढच्या खुंटाकडे जातो.
मागून मी रबराची पट्टी गुंडाळते.
तीन वेढे खाली, तीन वर, मधे डोळा उघडा.
सैल बांधलं तर वाळतो,
आवळलं तर गुदमरतो.
हे मी शिकले
कापून घेतलेल्या मजुरीकडून.

ओल्या गोणपाटात आजच्या काड्या:
पिवळा टपोरा, पाकळीच्या कडेला गुलाबी.
लेबलावर तसा फोटो छापतात.
शेतात तो फुलतो तेव्हा
आम्ही डिलानोला द्राक्षं खुडत असतो.

जूनमध्ये फोरमन येतो,
नखाने पट्टी सारून बघतो.
हिरवा, हिरवा, काळा, हिरवा.
काळ्याचे पैसे नाहीत.

दिवसाला अडीच हजार डोळे.
रात्री त्याचा डोळा लागत नाही, कंबरेमुळे.
ट्रेलरच्या छताकडे बघत विचारतो,
"किती लागतील गं?"
"झोप," मी म्हणते. "खुंट चांगला आहे."

खुंट चांगलाच असतो.
मचूळ पाणी पितो, वाळूत तगतो,
आणि डोळा एकदा जगला
की जानेवारीत आम्हीच
त्याचा शेंडा उडवतो, तिरका काप, डोळ्याच्या जरा वर.
ह्याला स्वतःला कसली फुलं येतात
ते शेतात कोणी विचारत नाही.

गेल्या एप्रिलात, रविवारी,
बेकर्सफील्डला मिसेस हॉल्व्हर्सनच्या बागेत
तण काढत होते.
कुंपणाशी बोलावून म्हणाल्या,
"मी पिवळा घेतला होता, ओब्दुलिया.
हे काय उगवलंय?"

काळपट लाल, लहान, पसरट, शेकड्यांनी,
कुंपण चढून पलीकडच्या गल्लीत उतरलेली.
डोळा कधीच मेला होता.
अकरा वर्षं मी ह्याच्या पायाशी बसते,
तोंड पहिल्यांदा पाहिलं.

"मुळासकट काढ," त्या म्हणाल्या.
"पुढच्या रविवारी," मी म्हणाले.

पुढच्या रविवारी कुदळ विसरले.
त्याच्या पुढच्या रविवारी
कुदळ गाडीत होती,
आणि विसरले असं सांगितलं.