जादा

डब्यूकच्या लायब्ररीतलं कोपऱ्याचं टेबल. मार्च.
व्हर्लिन ओस्टरहाउस कागद काढतो
मार्लिसच्या बर्फातल्या बुटांच्या खोक्यातून.

फॉर्म विचारतो : दर महिन्याच्या एक तारखेला
विम्यात तुम्ही किती जण?
जानेवारी ते जुलै, दोघं.
ऑगस्टला तो गप्प.
मीच लिहितो, एक.

पगारातून मात्र दोघांचेच कापले गेले
आजारपणाच्या खात्यात, थेट डिसेंबरपर्यंत.
ऑफिसला सांगायचं राहूनच गेलं, म्हणतो.

जादा भरलेत
सतराशे सत्तर डॉलर, त्र्याऐंशी सेंट.
पंधरा एप्रिलच्या आत काढून घ्या,
त्यावर सुटलेल्या व्याजासकट.
नाहीतर सहा टक्के दंड,
आत राहतील तितकी वर्षं, दर वर्षी.

तो खोक्याचं झाकण लावतो.
“म्हणजे वर्षाला एकशे सहा,” बोटांवर मोजतो.
“परवडेल.”