विलगीकरणाचं अंतर

घरी ती मोहरी.
शेतावर सरसों.
फाइलीत मात्र ग्वा-सात, एवढंच,
आणि तिसऱ्या रकान्यात वजन, मिलिग्रॅममध्ये.

मुरैना रस्त्याला, दुहेरी जाळीच्या आत
तीन हिवाळे मी तिची नोंदवही सांभाळली.
किती पेरली, किती उगवली, किती उरली.
उरली ती पाकिटात, पाकीट डब्यात,
डबा कपाटात, कपाटाला दोन कुलुपं,
एक किल्ली माझ्याकडे, दुसरी डॉक्टर मुजुमदारांकडे.
डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा, ते म्हणत.
कुठलं तेल, ते नियमावलीत नव्हतं.

बाहेर पडताना बूट ब्रशने झाडायचे,
सलवारीची दुमड उलटून बघायची,
केसांतून कंगवा, खाली पांढरा कागद.
फाटकावरचा हरविलास गुर्जर कंगव्याला हसे.
मॅडमजी, आमच्याकडे बागी येत ना,
त्यांनीसुद्धा एवढी झडती घेतली नाही कुणाची.

पलीकडे दुसऱ्यांची शेतं, पिवळीजर्द,
मधे नियमाने सोडलेली पडीक पट्टी.
तिच्यात नुसतं गवत उगवलं तरी मी लिहीत असे.
त्या पट्टीच्या कडेला एका जानेवारीत
बाबूलाल कुशवाहनं मधाच्या पेट्या उतरवल्या, एकशेवीस.
मी कागद घेऊन गेले. अंतर दाखवलं.
त्यानं बोट फिरवत सगळं वाचलं,
मग एका पेटीचं झाकण उचललं
आणि म्हणाला, यांना दाखवा.

दिल्लीहून समिती आली, जोड्यांवर निळ्या पिशव्या चढवून.
एकानं विचारलं, तेल किती जास्त.
एकीनं विचारलं, माश्या किती कमी.
दोन्ही प्रश्न खरे होते. आकडे माझ्याच हातचे,
एकाच शाईतले, समोरासमोरच्या पानांवर.
ज्याला जे हवं होतं त्यानं त्या पानाचा कोपरा दुमडला.
मग चहा.
मग निर्णय राखून ठेवण्यात आला.

मार्चात उरलेलं सगळं जाळलं, पंचनाम्यासह.
धूर मोहरीचाच होता. मला भूक लागली,
हे मी कुठे लिहिलं नाही.
शेवटच्या मोजणीत तीन दाणे कमी भरले.
तीन. मुजुमदार म्हणाले, राईचा पर्वत नको.
आणि मग स्वतःच रात्री नऊपर्यंत
टॉर्च घेऊन टेबलाखाली रांगत राहिले.

यंदा आमच्या दौलतगंजच्या घरी
मागच्या मोरीपाशी, फरशीच्या भेगेत
एक रोप आलंय. चार पाकळ्या, पिवळ्या.
फोडणीतून उडालेला दाणा असेल.
सासूबाई तिथेच मिसळणाचा डबा धुतात.
तोच असेल.
बघून कळत नाही.
तीन वर्षं पाहुण्यांना मी हेच तर सांगत होते,
बघून कळत नाही, साहेब.

एक पान खुडलं, पाकिटात घातलं.
तारीख, जागा, माझी सही.
दुसऱ्या सहीची जागा कोरी,
मुजुमदार निवृत्त होऊन जबलपूरला गेले
आणि त्यांच्या खुर्चीवर अजून कुणी नेमलेलं नाही.
उत्तराला सहा आठवडे लागतील म्हणे.
तोवर शेंगा भरतील.

उपटता आलं असतं. दोन बोटांचं काम.
त्याऐवजी माळ्यावरून
निनादची पाळण्याची मच्छरदाणी काढली,
रोपावर पालथी घातली, कडेनं विटा.
सासूबाई मोरीत जाता-येता विचारतात,
आत कोण निजलंय गं?

दुपारी जाळीवर एक मधमाशी येते.
या टोकाकडून त्या टोकाला चालत जाते,
थांबते, परत फिरते.
मी घड्याळ बघते
आणि दूधवाल्याच्या वहीत
मागच्या पानावर
वेळ लिहून ठेवते.