उजवा पाय

रोज रात्री वही काढून बसते.
पेशंटच्या नावापुढे आधी दुखणं लिहायचे,
आता किलोमीटर लिहिते.

धायरी ते वानवडी, चौदा.
मिसेस लोबोंचा खांदा आखडलेला.
हात कपाटाच्या दुसऱ्या फळीपर्यंत आला होता,
बरण्या तिसऱ्या फळीवर.
फोनवर म्हणाल्या, "असू दे गं, बरण्याच खाली आणते."
मी वानवडी खोडली.
पेन्सिलने खोडली, एवढंच.

सुखसागरनगर, नऊ. ठेवलं.
आठवड्यात तीनदा जायचे, आता दोनदा.
खुटवड काका, वय एकाहत्तर, उजवी बाजू गेलेली,
स्वारगेट डेपोत एकतीस वर्षं ड्रायव्हर.
तळपायाला तळहात लावते, म्हणते,
"दाबा. ॲक्सिलरेटर समजा."
पाय ऐकत नाही.
काका छताच्या पंख्याकडे बघत राहतात,
जणू तिथे सिग्नल आहे.

खांद्याला शेक द्या, असं मीच सांगितलेलं.
पण सिलिंडर लावून सव्वीस दिवस झाले
आणि पुढचा कधी, ते एजन्सीवाला फोन उचलेल तेव्हा.
काकू मिठाची पुरचुंडी गच्चीच्या पत्र्यावर ठेवतात,
अकरा ते दोन, भर उन्हात,
कावळ्यांनी नेऊ नये म्हणून वर चाळणी पालथी.
"बघा हो, लागतंय का ऊन?"
लागत होतं. मला वाटलं होतं त्याहून जास्त.

आणि काका मला गाडी चालवायला शिकवतात,
पडल्या पडल्या, अर्ध्या तोंडाने.
"मूठ पिळू नका, मॅडम. लांबून लाल दिसला की सोडून द्या,
जाते गाडी तिथवर आपली आपण.
टायरात हवा बघता का?
कोंढणपूरच्या गाडीवर होतो तेव्हा
कात्रजचा घाट न्यूट्रलला उतरायचो.
चूकच होती ती. मागं माणसं भरलेली.
पण डेपोत लिटरमागचे किलोमीटर मांडायचे,
फळ्यावर माझं नाव वर..."
इथे त्यांना धाप लागते.

मंगळवारी नवले पुलाखाली माझी गाडी आचके देऊन थांबली.
डावीकडे आडवी केली, उजवीकडे केली,
टाकीला कान लावला.
तळाशी थोडंसं काही हललं,
इंजिनपर्यंत पोचलं नाही.
पंपावर दोरी, दोरीला पुठ्ठा, पुठ्ठ्यावर "नाही".
काय नाही, ते लिहायची गरज नव्हती.
तरी रांग होतीच.
जेवण पोचवणारा एक पोरगा फुटपाथवर बसून
पार्सल उघडून जेवत होता.
"ऑर्डर रद्द झाली, ताई," म्हणाला.
मी काही विचारलं नव्हतं.

गाडी एका टायरवाल्याच्या भरवशावर सोडली, बस धरली.
माणसं पायरीवरून बाहेर सांडलेली.
कुणीतरी मला पुढच्या दाराने आत ओढलं
आणि कात्रजपर्यंत मी ड्रायव्हरच्या बाजूला उभी,
त्याच्या उजव्या पायाकडे बघत.
साधी चप्पल. अंगठ्याला चिकटपट्टी.
घोटा खाली, वर, खाली,
तो तर बाहेर कुणाला तरी शिव्या देत होता,
पायाकडे लक्षही नव्हतं त्याचं.
सहा महिने मी एवढंच मागतेय.

पोचले सव्वा तास उशिरा.
"पंक्चर?" काका म्हणाले.
"पेट्रोल."
"हां."
मग कुणी काही बोललं नाही.
मी तळपायाला तळहात लावला. दाबा.
काहीच नाही.
दाबा, काका.
आणि हाताला काहीतरी लागलं,
मुंगीनं ढकलावं इतकं.
मी ओरडले, काकू चाळणी हातात घेऊनच धावत आल्या.
"दाबला! ॲक्सिलरेटर दाबला तुम्ही!"

काका बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.
"ब्रेक होता तो," म्हणाले.
"ॲक्सिलरेटरचं बघू नंतर.
भाव उतरू द्या."