प्रतवारी

इंदूबाई खुटवड, वय बावन्न,
मार्केट यार्डात डाळिंबाची प्रत लावतात.
फळ तळहातावर एकदा फिरवलं
की क्रेट ठरला. तीस वर्षं.
परवा ओपीडीत विचारलं त्यांनी,
"माझं कितव्या नंबरचं?"
सोनोग्राफीच्या कागदावर बोट ठेवून म्हणाले,
"साधं. एक नंबर. दुसऱ्या दिवशी घरी."

कागदाला काय, तो बाहेरूनच बघतो.

पोट फुगवलं, दाब बारावर,
कॅमेरा बेंबीतून आत. काच धुरकटली,
सिस्टर लोंढेंनी गरम पाण्यात बुडवून दिली,
आणि पडद्यावर पित्ताशय नव्हतंच.
होती चरबीची वाकळ,
यकृताच्या काठाला टाचून बसलेली.
किती रात्री लागल्या असतील तिला,
"गॅस झालाय" म्हणत
ओव्याच्या चिमटीवर काढलेल्या.

अन्वर कॅमेरा धरून. पहिलं वर्ष.
"मॅडम, फॉर्मवर ग्रेड काय लिहू?"
"थांब."

वाकळ उसवली, टाका टाका.
खाली ते: जाड, लालबुंद, तट्ट.
चिमट्यात येईना.
सुईने उपसलं तर पित्ताचा रंगच नाही,
पांढरट पाणी.
मानेत खडा अडकून जुना झालेला.
"दोन?" अन्वर.
"तीन," मी. मग मानेपाशी पोचले
आणि तीनही मनातल्या मनात खोडलं.

तिथे दोन वाटा दिसायला हव्यात,
दोनच, आणि त्यांच्यामागे यकृताची स्वच्छ जमीन.
मला दिसत होता एक गोळा.
नळी कुठे संपते, भिंत कुठे सुरू होते,
पडदा कितीही मोठा असो, सांगेना.
यकृतावर एक खाच असते,
तिच्या खाली उतरायचं नाही.
मला हे शिकवणाऱ्या सरांचा हात
एकदा उतरला होता.
शिकवताना बोलले नाहीत.
निवृत्त झाले त्या संध्याकाळी
सारसबागेसमोर भेळ खाताना बोलले,
आणि कागदाचा द्रोण नुसताच धरून बसले.

भूलतज्ज्ञ काळदाते घड्याळाकडे बघत नव्हते.
विचारायची ही त्यांची पद्धत.

"चार लिही."
म्हटलं, आणि खांदे उतरले.
आकडा कधीकधी परवानगी असतो,
पुढे न जाण्याची.
पिशवी मध्येच उघडली, खडे वेचले,
मागची भिंत यकृताला धरून होती, धरू दिली.
तोंड आतून शिवलं,
एक नळी बाहेर काढून ठेवली.
अन्वरने विचारलं, "म्हणजे अर्धंच?"
"म्हणजे पुरेसं," म्हणाले. आवाज मात्र
जरा जास्तच चढला.

दुसऱ्या दिवशी राउंडला गेले
तर इंदूबाईंनी बाटलीतले खडे
ताटलीत ओतलेले. मोठे, मधले, चुरा,
तीन ढीग.
"एक नंबर म्हणाला होतात."
"चुकलं. चार निघालं."
एक खडा त्यांनी बोटावर फिरवला.
"आम्ही कुठं कापून बघतो,
गिऱ्हाईक बघतं," म्हणाल्या.
मग कुशीतल्या नळीकडे खूण करून,
"ही कधी निघणार? खरं सांगा."