कनकी दोनदा फिरवली

ईस्तारी परत आला तेव्हा गुडघा बांधलेला,
आणि चाकांची बॅग डोक्यावर.
बारा वर्षं कतारच्या कँपात
अकराशे माणसांचं रांधून.
गावाला वाटलं, सोनं नाही तर नाही,
निदान एक कंबल तरी आणलं असेल.
त्यानं माझ्या कांडपाच्या ओट्यावर
पुड्या मांडल्या.
चिकटपट्टीवर नावं होती,
मसाल्यांची नव्हती.
"हे युसुफचं. हे रेनाटोचं.
हे तडेसेचं. अख्खं हाय, तेवढं कांडून दे."

युसुफचं म्हणजे जांभळट भुकटी.
जिभेवर ठेवली.
अंबाडीची बोंडं वाळवून कुटली की लागतात, तेच.
"हे तं माह्या कुंपणाले लागते,
एवढ्या दुरून कायले आणलं?"
तो म्हणाला, युसुफ चिंचेला हिंदचा खजूर म्हणायचा,
अन् कँपात चिंच आली की
दोन बोटुकं खिशात टाकायचा.

रेनाटोच्या बाटलीचं झाकण काढलं
आणि रांगेतल्या सगळ्या बायांना
एकदम भरताचं वांगं आठवलं,
तुराट्यांवर भाजलेलं, साल करपलेलं.
"धूर बाटलीत भरून इकतेत?"
"इकतेत. लय महाग."
"मंग माह्या सयपाकघराचं आढं पाठवा तिकडे,"
सुलकाबाई म्हणाली,
"सत्तेचाळीस वर्षांचा माल हाय."

तडेसेच्या पिशवीत निम्मं ओळखीचं.
मेथी. ओवा. काळं जिरं, नाही, कांद्याचं बी.
वाळकी मिरची, आपल्यापेक्षा लांबुडकी.
आणि वेलदोड्याची जणू रानटी बहीण,
अंगठ्याएवढी, कापराच्या वासाची.
दळण घ्यायला आलेले गुरुजी म्हणाले,
मिरची मुळात आपली नाहीच,
जहाजातून आली.
सुलकाबाई, जन्म भिवापूरचा,
तीन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

"आधी मिरची," ईस्तारी सांगत होता,
"मंग मेथी. बोंडं शेवटी,
अन् मशीन थंड झाल्यावर.
तडेसे तापल्या मशीनीत टाकू देत नसे."
"कुठला तो?"
"डोंगरातला."
"आता कुठं असते?"
रिकामी पिशवी तो उलटी करून झटकत राहिला.
"त्याच्या शेगडीवर
आता दुसरा पोरगा हाय."
मी बटण दाबलं.
कांडपाच्या आवाजात
पुढचं काही विचारता येत नाही.

नंतर मशीन साफ केलं. जाडं मीठ फिरवलं,
कनकी फिरवली, पुन्हा एकदा कनकी.
मग लांजेवारांची मिरची घेतली,
सात किलो, म्हाताऱ्याच्या तेरवीची.
रंग तोच. तिखट तेच.
हातात घेऊन हुंगलं
आणि वाटलं, नाही, काही नाही.

तेरवीला वांग्याची भाजी होती.
पहिल्या पंगतीपासून कुजबूज:
चव न्यारी हाय.
मोहाडीचा आचारी मिशीला हात लावून उभा,
हाताचा गुण असते म्हणे.
मी पत्रावळीत पाहून जेवत होते,
माप मारलेल्या वाण्यासारखी.
ईस्तारी लंगडत आला,
पाय लांब करून बसला.
पहिला घास तोंडात गेला
आणि हात तिथंच राहिला.
पंगतीपलीकडून त्यानं माझ्याकडे पाहिलं.
मी दोन बोटं दाखवली,
दोनदा, शपथ, दोनदा फिरवली.
त्यानं वाढप्याला थांबवलं.
"फोडी नोको. नुसता रस्सा."
तीनदा मागितला.
उठताना पत्रावळीच्या कडेला
एक घास ठेवला, भातात कालवून,
नीट बोटांनी दाबून.
लांजेवारांना बरं वाटलं,
आपल्या म्हाताऱ्याची आठवण ठेवली म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत
सुलकाबाई पायरीवर, अडीच किलो घेऊन.
"त्या दिवशीसारखी कांड."
म्हटलं, ते संपलं, मशीन साफ केलं.
ती हटेना.
"लेक नीट पाय, कुठंतरी असंन उरलं.
अन् आता यापुढं
कनकी एकदाच फिरवत जा."